केपीएमजी नक्की कुठली? अमेरिकेची, लंडनची की हॉलंडची? आणि कागदावर बी एस आर का?

चाकणचा_अकाउंटंट

नमस्कार मंडळी. प्रश्न बावळट वाटेल पण विचारतोच, इथे बरेच सीए आहेत म्हणून. मी चाकणला एका लिस्टेड कंपनीत अकाउंट्सला आहे, साधा बीकॉम, सीए वगैरे नाही. आमच्या जुन्या ऑडिटरांची दहा वर्षं भरली, कायद्याने बदलावेच लागले, आता नवीन आलेत. ऑफिसात शिपायापासून सीएफओपर्यंत सगळे "केपीएमजीवाले आले, केपीएमजीवाले आले" करतायत, पण नेमणुकीच्या ठरावात बघतो तर केपीएमजी हा शब्दच कुठे नाही, तिथे लिहिलंय बी एस आर अँड कंपनी एलएलपी. आता हे बी एस आर कोण?

परवा डब्याच्या वेळी यावरून जुंपली. साहेब म्हणाले अमेरिकन कंपनी आहे, स्टोअर्सचे काका म्हणाले छे हो, लंडनची, आणि आमची ट्रेनी पोरगी म्हणाली मी वाचलंय हेड ऑफिस हॉलंडला आहे. तिघंही छातीठोक. मी नेटवर शोधलं तर फुलफॉर्म क्लाइनवेल्ड पीट मारविक गोर्डेलर असा काहीतरी निघाला, वाचतानाच जीभ अडकली. म्हणजे चार कंपन्या मिळून एक झाली असं आहे का? कुणीतरी मराठीत सरळ सांगा ना, ही कुणाची, कशी झाली. सोमवारी डब्यावर परत विषय निघणारे, त्याच्या आत हवंय :)

टॅलीमास्तर

फुलफॉर्म चुकीचा दिलाय नेटवर. क प म ग म्हणजे काम पुष्कळ, मानधन गायब. (मी तिथे कधी नव्हतो, पण आर्टिकलशिप, म्हणजे सीए होतानाची उमेदवारी, केलेल्या कुणालाही विचारा, कुठल्याही फर्मला चालतो हा फुलफॉर्म.)

हिरवी_पेन्सिल

टॅलीमास्तर, तुमचा फुलफॉर्म आमच्या वेळेस पण चालला असता, फक्त फर्मची नावं वेगळी होती.

चाकणकर, प्रश्न बावळट अजिबात नाहीये. मी पस्तीस वर्षं ऑडिट केलं, आता रिटायर्ड, आणि ही नावं कशी बनली हा माझा जुना नाद आहे, त्यामुळे लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या तिघांचं. तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत आणि तिघांनीही मूळ गाव सांगितलंच नाही. मूळ आहे स्कॉटलंड. आपल्याकडे जसं कोकणातला पोरगा शिकून मुंबईला जायचा आणि गिरणीत नाहीतर पेढीवर चिकटायचा तसं तिकडे हिशेब शिकलेला स्कॉटिश पोरगा लंडनला जायचा. हिशेबनिसांच्या संस्थेला राणीची सनद मिळाली ती जगात सगळ्यात आधी एडिंबराला, १८५४ साली, पुढच्याच वर्षी ग्लासगोला. लंडनवाले नंतर जागे झाले. तर असाच एक विल्यम बार्कले पीट नावाचा अठराएक वर्षांचा पोरगा १८७० साली लंडनला आला आणि रॉबर्ट फ्लेचर अँड कंपनीत कारकून म्हणून लागला. कारकून म्हणून लागला आणि १८९१ पर्यंत फर्मच्या पाटीवर स्वतःचं नाव लावलं, विल्यम बार्कले पीट अँड कंपनी. हा झाला तुमचा पी.

दुसरीकडे त्याच काळात इंग्लंडचा पैसा धो धो अमेरिकेत चालला होता, रेल्वे, दारूच्या भट्ट्या, काय वाट्टेल त्यात. आता लंडनमधल्या शेठला एवढ्या लांबून कसं कळणार की तिकडचा मॅनेजर खरे आकडे पाठवतोय की लोणकढी? मग तिथे जाऊन वह्या तपासणारा आपला माणूस पाहिजे. जेम्स मारविक आणि रॉजर मिचेल हे दोघं स्कॉट न्यूयॉर्कला गेले आणि १८९७ ला तिथे मारविक मिचेल अँड कंपनी काढली. हा झाला एम. म्हणजे अमेरिकन म्हणावी तर दुकान न्यूयॉर्कचं आणि दुकानदार दोन्ही स्कॉटलंडचे.

आता गंमत बघा. हे दोन गट एकत्र कसे आले, तर बोटीवर. १९११ साली मारविक अटलांटिक ओलांडत होता, त्याच बोटीवर पीट होता. दोघं स्कॉटिश, दोघं एकाच धंद्यातले, आठवडाभर समुद्रात दुसरं करायचं काय, गप्पांमधून बोलणी झाली आणि दोन्ही फर्मनी हात मिळवले. पुढे १९२५ ला पाटी पक्की झाली, पीट, मारविक, मिचेल अँड कंपनी. आपल्याकडे डेक्कन क्वीनच्या पासवाल्या डब्यात सोयरिकी जुळायच्या तसलाच प्रकार.

के साठी हॉलंडला चला. पीट क्लाइनवेल्ड याने १९१७ साली ॲम्स्टरडॅमला ऑफिस काढलं, पुढे ती झाली क्लाइनवेल्ड क्रायेनहोफ अँड कंपनी. (इथे पीट हे पहिलं नाव आहे बरं का, लंडनवाल्या पीट आडनावाशी संबंध नाही, मी स्वतः काही वर्षं दोघांना भाऊ समजत होतो.)

आणि जी म्हणजे गोर्डेलर, जर्मन. हा एकटाच असा की ज्याने फर्म काढलेली नाही. जर्मनीतली संस्था होती डॉईचे ट्रॉयहांड, बर्लिनमध्ये १८९० ची, डॉईचे बँकेने उभी केलेली, आणि का उभी केली तर परत तेच, जर्मन लोकांनी अमेरिकन रोख्यांत घातलेला पैसा कोण सांभाळणार. राइनहार्ड गोर्डेलर हा खूप नंतर तिचा प्रमुख झाला आणि युरोपातल्या फर्मना एकत्र आणायची बरीचशी खटपट त्याची, म्हणून अक्षर त्याला मिळालं.

जोडाजोडी दोन टप्प्यांत झाली. सत्तरच्या दशकात जगात आठ मोठ्या फर्म होत्या, बिग एट म्हणायचे, आणि आठच्या आठ इंग्लंड-अमेरिकेच्या. डच, जर्मन लोकांना वाटलं की असंच चाललं तर आपले फिलिप्स-बिलिप्स उद्या त्यांच्याकडेच जाणार. म्हणून १९७९ साली डच क्लाइनवेल्ड, जर्मन ट्रॉयहांड, ब्रिटनची थॉमसन मॅकलिंटॉक आणि अमेरिकेची मेन लाफ्रेंट्झ यांनी मिळून केएमजी काढली, क्लाइनवेल्ड मेन गोर्डेलर. आणि १९८६ ला ठरून १९८७ ला केएमजी आणि पीट मारविक एक झाले. मोठ्या फर्मांमधला एवढा मोठा विलय त्याआधी झालाच नव्हता. तोपर्यंत लोक नुसती बोलणी करायचे, १९८४ ला प्राइस वॉटरहाऊस आणि डेलॉइटचं जवळजवळ ठरलं होतं, ते ब्रिटनच्या पार्टनरांनी मतदानात पाडलं.

आता माझा आवडता भाग. केएमजी मधला एम आहे मेन. केपीएमजी मधला एम आहे मारविक. म्हणजे अक्षर तेच राहिलं, आतला माणूस बदलला! आणि दावेदार किती बघा: मारविक, मिचेल, मेन, मॅकलिंटॉक. चार एम, जागा एक. मिचेल तर पूर्ण गेला. बाकीच्यांची समजूत काढायला काही वर्षं अमेरिकेत पाटी होती पीट मारविक मेन आणि ब्रिटनमध्ये पीट मारविक मॅकलिंटॉक, मग हळूच एकेक नाव गळत गेलं, १९९९ ला पीट मारविक पण गेलं आणि नुसती चार अक्षरं उरली. आमच्या भावकीत वडिलोपार्जित वाड्याच्या पाटीवरून तीन पिढ्या भांडण चाललं, यांनी बारा वर्षांत संपवलं म्हणायचं.

चाकणचा_अकाउंटंट

बाप रे काका, एवढं टाईप केलंत, धन्यवाद. बोटीवरची गोष्ट तर सोमवारी सांगणारच. पण एक कळलं नाही, हे सगळे हिशेब तपासणारे ना, मग यांना एकमेकांशी लग्नं लावायची एवढी घाई कशाला? कारखाना असता तर कळतं, मशीन वाढतात, माल स्वस्त पडतो. इथे काय वाढतं?

हिरवी_पेन्सिल

गिऱ्हाईक वाढतं. म्हणजे असं बघा, तुमच्या कंपनीचे कारखाने उद्या जर्मनी, ब्राझील, थायलंडला गेले तर तिथल्या हिशेबांवर विश्वास ठेवून इथल्या ऑडिटरला सही करायचीय. प्रत्येक देशात अनोळखी फर्मला पत्रं लिहीत बसण्यापेक्षा तिथे आपल्याच नावाचं, आपल्याच पद्धतीने पेपर ठेवणारं ऑफिस असलं की झोप लागते. पीट मारविक अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तगडी होती पण युरोपच्या मुख्य भूमीवर केएमजीएवढी नव्हती, केएमजीचं बरोबर उलटं. म्हणून जमलं.

आणि एकदा एकाने केलं की बाकीच्यांना धडकी. दोन वर्षांत १९८९ ला अर्न्स्ट अँड विनी आणि आर्थर यंग एक झाले, ती आजची ईवाय. त्याच वर्षी डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स आणि टूश रॉस एक झाले. तिथे तर अजून मजा, अमेरिकेत डेलॉइटने टूश रॉसशी लग्न केलं आणि ब्रिटनमधल्या डेलॉइटवाल्यांना ते स्थळ पसंत नव्हतं म्हणून ते कूपर्स अँड लायब्रँडकडे नांदायला गेले! एकच घराणं, दोन देशांत दोन सासरं. आठाच्या सहा झाल्या. १९९८ ला प्राइस वॉटरहाऊस आणि कूपर्स, म्हणजे पीडब्ल्यूसी, पाच. २००२ ला एन्रॉनच्या हिशेबांच्या घोटाळ्यात आर्थर अँडरसन बुडाली, चार. शेवटची वजाबाकी लग्नाने नाही, मयतीने झाली.

कॉस्टिंगवाली

काका एक राहिलं, केपीएमजीचं एक मोडलेलं लग्न पण आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये केपीएमजी आणि अर्न्स्ट अँड यंग यांनी जाहीर केलं होतं की आम्ही एक होणार, प्राइस वॉटरहाऊस-कूपर्सने महिनाभर आधी जाहीर केलं होतं ना, त्याची चुरस. पण फेब्रुवारी १९९८ ला बोलणी गुंडाळली. ते झालं असतं तर आज तीनच उरल्या असत्या. विचार करा, दर दहा वर्षांनी ऑडिटर बदलायचा आणि दुकानं तीन.

लायप्झिगची_वैदेही

पेन्सिलकाकांनी जी ला दोन ओळीत उरकलं म्हणून लिहितेय. मी गेली पाच वर्षं लायप्झिगला राहते, आयटीत आहे, अकाउंट्सचं मला ओ की ठो कळत नाही. पण गोर्डेलर हे नाव इथे वेगळ्याच कारणाने माहितीये.

राइनहार्ड गोर्डेलरचे वडील कार्ल गोर्डेलर हे लायप्झिगचे महापौर होते, १९३० ते १९३७. इथे गेवांडहाउस म्हणून संगीताची प्रसिद्ध इमारत, तिच्यासमोर मेंडेल्सोन या संगीतकाराचा पुतळा होता. मेंडेल्सोन जन्माने ज्यू. १९३६ मध्ये महापौर परदेशात गेलेले असताना नाझींनी तो पुतळा काढून टाकला. परत आल्यावर त्यांनी पुतळा परत लावा म्हणून सांगितलं, कोणी ऐकलं नाही, तर त्यांनी सरळ राजीनामा दिला. एका पुतळ्यासाठी, १९३६ च्या जर्मनीत. पुढे ते हिटलरविरुद्धच्या गटात गेले, २० जुलै १९४४ चा कट यशस्वी झाला असता तर चॅन्सेलर तेच होणार होते. तो फसला, त्यांना पकडलं आणि २ फेब्रुवारी १९४५ ला बर्लिनला फाशी दिली. आणि नाझींचा नियम असा की अशा माणसाचं घरदारच उचलायचं, म्हणून बायका-मुलंसुद्धा कैदेत. राइनहार्ड तेव्हा विशीतला, छळछावणीत होता, युद्ध संपताना दक्षिण टिरोलच्या डोंगरात सुटला. पुढे वकिली, मग ऑडिट, मग ते सगळं विलयाचं काम.

इथल्या नव्या नगरपालिकेसमोर त्यांच्या वडिलांचं स्मारक आहे, पण पुतळा नाही, जमिनीत खोल गोल खड्डा आहे आणि आत एक मोठी घंटा. दिवसातून काही वेळा वाजते, पायाखालून आवाज येतो. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दचकले होते. चार अक्षरांतलं शेवटचं अक्षर बघितलं की मला ती घंटा आठवते, ऑडिटबिडिट नाही.

चाकणचा_अकाउंटंट

वैदेहीताई, काटा आला वाचून. आमच्या ऑफिसात ते लोक बसलेत, त्यातल्या एकालाही हे माहीत नसेल, पैज.

बरं पण बी एस आर अजून राहिलंच. आणि हेड ऑफिसचं पण.

गोरेगावची_सीए

बी एस आर मी सांगते, मी नेटवर्क फर्ममध्येच होते काही वर्षं (कुठल्या ते सोडा).

पहिली गोष्ट, भारतात ऑडिटच्या रिपोर्टवर सही करायचा हक्क आपल्या आयसीएआयच्या, म्हणजे सीए लोकांच्या संस्थेच्या, मेंबरांचा आणि त्यांच्या फर्मचा. परदेशी फर्म स्वतः येऊन इथे पाटी लावून सही करू शकत नाही. केपीएमजी भारतात आली १९९३ च्या सप्टेंबरात, म्हणजे अर्थव्यवस्थेची दारं उघडल्यावर दोन वर्षांनी, कन्सल्टिंग, टॅक्स वगैरे करायला. ऑडिटसाठी मात्र इथलीच फर्म हवी. ती होती भारत एस. राऊत अँड कंपनी. तीच पुढे आद्याक्षरांवर आली, बी एस आर. झालं तुमचं कोडं.

बाकीच्यांचं पण तसंच आहे, ईवायवाल्यांच्या कंपन्यांच्या रिपोर्टवर बघा, एस. आर. बाटलीबॉय नाव दिसेल. डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स आणि प्राइस वॉटरहाऊस ही नावं मात्र तशीच दिसतात कारण ती जुनी, इथे आधीपासून रुळलेली. प्राइस वॉटरहाऊस तर कलकत्त्याला फार जुन्या काळापासून होती. गंमत म्हणजे तिकडे मोडीत निघालेली हॅस्किन्स अँड सेल्स ही नावं आपल्याकडे अजून रोज सह्या करतायत.

आणि एक, जुने रिपोर्ट काढलेत तर बी एस आर अँड कंपनी, बी एस आर अँड असोसिएट्स अशा दोन-तीन फर्म दिसतील आणि परत डोकं फिरेल. त्याचं कारण आपला जुना कंपनी कायदा, भागीदारीत वीसच्या वर भागीदार चालायचे नाहीत. एवढ्या मोठ्या कामाला वीस पार्टनर कसे पुरणार, मग मिळतीजुळती नावं घेऊन फर्मांची रांग लावायची. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, आल्यावर ती अडचण गेली म्हणून आता नावामागे एलएलपी लागलेलं दिसतं.

पत्त्याची पण एक आठवण. कित्येक वर्षं रिपोर्टच्या लेटरहेडवर पत्ता असायचा अपोलो मिल्स कंपाऊंड, ना. म. जोशी मार्ग, महालक्ष्मी. गिरणीच्या जागेवर काचेची बिल्डिंग, तिच्यात हिशेब तपासणारे. माझे आजोबा गिरणी कामगार, त्यांना पत्ता सांगितला तर म्हणाले, "म्हंजे तू पण गिरणीतच लागलीस की."

चाकणचा_अकाउंटंट

राऊत!!! म्हणजे अमेरिका-लंडन-हॉलंड सगळं फिरून सहीला शेवटी राऊत. आता साहेबांचं तोंड बघण्यासारखं होणारे.

पण ताई मग पैसे कुठे जातात? आमची ऑडिट फी हॉलंडला जाते का? नफा कुणाचा?

गोरेगावची_सीए

नाही हो. इथला नफा इथल्या पार्टनरांचा. वरती जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे ती गिऱ्हाइकांचं ऑडिट करतच नाही, ती नाव, लोगो, पद्धती, सॉफ्टवेअर, तपासणी हे बघते आणि मेंबर फर्म तिला वर्गणी देतात. ट्रेनीचं हॉलंड म्हणूनच बरोबर, ऑफिसचा कारभार बरीच वर्षं ॲम्स्टरडॅमशेजारच्या ॲम्स्टलवेनमधून चालायचा, पण कागदोपत्री ती स्वित्झर्लंडची सहकारी संस्था होती, आणि ऑक्टोबर २०२० पासून कागदोपत्री ब्रिटनची कंपनी झाली. म्हणजे आजच्या तारखेला डब्याच्या पैजेत स्टोअर्सचे काका जिंकले, पण चुकून.

२०२४ चा सगळ्या फर्मचा मिळून धंदा ३८.४ अब्ज डॉलर आणि माणसं पावणेतीन लाख असं ते छापतात, पण तो आकडा म्हणजे एका मालकाची गल्ल्यातली बेरीज नव्हे, सगळ्या चुलींवरच्या भाकऱ्या एकत्र मोजल्या एवढंच. आडनाव एक, चुली वेगळ्या.

चूल वेगळी म्हणजे किती वेगळी याचं उदाहरण डेन्मार्क. २०१३ च्या नोव्हेंबरात तिथल्या केपीएमजी फर्मनेच ठरवलं की आम्ही ईवायमध्ये जातो. आणि गेले की! पार्टनर, स्टाफ, गिऱ्हाइकं सगळं घेऊन, २०१४ ला. केपीएमजीला त्या देशात परत पहिल्यापासून मांडामांड करावी लागली. एका कंपनीची शाखा अशी उठून शेजाऱ्याकडे जाईल का? वर त्यावरून कोर्टबाजी, विलयाला परवानगी मिळायच्या आधीच त्यांनी केपीएमजीला सोडून जायची नोटीस दिली म्हणजे घाई केली का, हा मुद्दा थेट युरोपच्या कोर्टात गेला आणि २०१८ ला निकाल लागला की नोटीस दिली म्हणजे विलय केला असं होत नाही.

शंकेखोर_सांगलीकर

सगळं गोडगोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. ही वेगळ्या चुलींची व्यवस्था गिऱ्हाईक आणताना दिसत नाही, तेव्हा "आम्ही दीडशे देशांत आहोत". कुठे गडबड झाली की मात्र लगेच "ती त्या देशातली स्वतंत्र फर्म आहे, आमचा काय संबंध". भाकरी मोजताना एक, भांडी घासताना वेगळे.

आणि गडबडी छोट्या नाहीत. अमेरिकेत २००५ ला श्रीमंत लोकांना टॅक्स चुकवायच्या योजना विकल्या म्हणून ४५.६ कोटी डॉलर भरले आणि खटला टाळला. २०१७ ला दक्षिण आफ्रिकेत तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या जवळच्या, वादात सापडलेल्या गुप्ता कुटुंबाच्या कामावरून तिथल्या सीईओसकट वरची फळी घरी गेली. २०१९ ला परत अमेरिका, ५ कोटी डॉलर दंड, आणि कारण ऐका, ऑडिटर तपासणाऱ्या नियामक संस्थेची यंदा कुठले पेपर तपासणार ही गुप्त यादी आधीच मिळवली होती. म्हणजे पेपरफुटी! ब्रिटनमध्ये कॅरिलियन ही बांधकाम कंपनी बुडाली २०१८ ला, तिच्या ऑडिटबद्दल २०२३ ला २.१ कोटी पौंड. आणि २०२४ ला त्याच हॉलंडच्या फर्मला २.५ कोटी डॉलर दंड, कशाबद्दल तर स्टाफने ट्रेनिंगच्या परीक्षेत उत्तरं वाटून घेतली म्हणून. आपल्याकडे पण आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी २०१८ ला कोसळल्यावर सरकारने डेलॉइट आणि बी एस आर गटातली एक फर्म यांच्यावर पाच वर्षांची बंदी मागितली, ते प्रकरण हायकोर्ट करत सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. अँडरसन बुडाली तशी यातली कुठलीच बुडली नाही, कारण चारच उरल्यात, त्यातली अजून एक बुडवायची सरकारांची पण हिंमत नाही आता.

हिरवी_पेन्सिल

सांगलीकर, आकड्यांबद्दल वाद नाही. पण शेवटचं वाक्य जरा तपासा. अँडरसनला दोषी ठरवलं ते जून २००२ ला आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते एकमताने रद्द केलं मे २००५ ला. तोवर पंच्याऐंशी हजार माणसांची फर्म उठून गेली होती. मेल्यावर जामीन. म्हणून मग पुढच्या वेळी, म्हणजे केपीएमजीच्याच २००५ च्या प्रकरणात, सरकारने दंड घेतला पण खटला थांबवून ठेवला. हिंमत नव्हती असं म्हणा नाहीतर एकदा हात भाजला होता असं म्हणा.

आणि कन्सल्टिंगचं कुणीच बोललं नाही. एन्रॉनच्याही आधी ओरड होतीच की जो तपासतो त्यानेच सल्ला विकायचा हे बरं नाही. केपीएमजीने अमेरिकेतला कन्सल्टिंगचा धंदा वेगळा काढून फेब्रुवारी २००१ ला शेअर बाजारात आणला, २००२ ला नाव बदलून बेअरिंगपॉइंट केलं, आणि २००९ ला त्या कंपनीने दिवाळखोरी मागितली. ब्रिटन आणि हॉलंडचं कन्सल्टिंग २००२ ला ॲटोस ओरिजिनला विकलं. म्हणजे लग्नं जेवढी, तेवढ्याच वाटण्या. आणि मग काही वर्षांनी सगळ्यांनी परत कन्सल्टिंग सुरू केलं, ते आजपर्यंत चालूच आहे, आता त्याला ॲडव्हायजरी म्हणतात.

कॉस्टिंगवाली

काका अजून एक चटकदार सांगू का, पीट घराण्याचं. त्या विल्यम पीटचा पणतू मायकेल पीट, तोही केपीएमजीत पार्टनर होता. १९८६ ला ब्रिटनच्या राजवाड्याचा खर्च कसा आवरायचा याचा अभ्यास त्याने केला आणि पुढे राणीच्या तिजोरीचा सांभाळ करणारा अधिकारीच झाला, नंतर प्रिन्स चार्ल्सचा खाजगी सचिव. पणजोबा कारकून म्हणून लंडनला आले होते.

टॅलीमास्तर

म्हणजे पणजोबांचा नाही पण पणतूचा मानधनाचा प्रश्न सुटला.

चाकणचा_अकाउंटंट

मंडळी, सगळ्यांचे आभार. सोमवारचा रिपोर्ट देतो. बोटीची गोष्ट सांगितली, घंटेची सांगितली, साहेब गप्प झाले. स्टोअर्सच्या काकांनी "मी म्हणालो होतो लंडन" म्हणून सगळ्यांना भजी खिलवली, मी २०२० चं त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. मग धीर करून ऑडिट टीममधल्या त्या पोरांना विचारलं, तुमचा एम म्हणजे कोण? चौघांपैकी एकाला आलं, तो म्हणाला मारविक. मी म्हटलं आधी मेन होता. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जसं काही मीच त्याचं ऑडिट करायला आलोय.

आता एक खरा कामाचा प्रश्न. पहिलंच वर्ष आहे त्यांचं आमच्याकडे, साहेबांनी सगळं माझ्यावर ढकललंय. काय तयार ठेवू?

हिरवी_पेन्सिल

नवीन ऑडिटर आला की आधी ओपनिंग बॅलन्सच्या, म्हणजे मागच्या वर्षावरून पुढे आणलेल्या आकड्यांच्या, मागे लागतो, त्याला जुन्याचा भरवसा नसतो. फिक्स्ड ॲसेटचं रजिस्टर काढा आणि शॉप फ्लोअरवर जाऊन मशीनवरच्या नंबराशी स्वतः जुळवून घ्या. जे मशीन रजिस्टरात आहे आणि जागेवर नाही त्याची वेगळी यादी करा, ते तुम्हाला विचारायच्या आत. बँकेच्या बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं या आठवड्यातच टाका, बँकवाले महिना लावतात.

आणि त्या चौघांच्या चहाचं बघा. रात्री नऊला ते तिथेच बसलेले असतील आणि तुमचं कँटीन साडेसहाला बंद होत असणार.